तुम्ही विचारलंत म्हणून: मारी तोरोचिक हंगेरी सोडून का गेली नाही?

हंगेरियन सिनेमावर बोलायला उभी राहिले की खेळ संपल्यावर एक प्रश्न हमखास येतो. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्रीचं पारितोषिक मिळवलेली ही बाई जन्मभर एवढ्याशा देशात, शेजारच्या देशांनाही न कळणाऱ्या भाषेत का काम करत राहिली? हॉलिवूडला का गेली नाही? विचारणाऱ्याच्या सुरात बहुतेक वेळा हळहळ असते. हा प्रश्न आपल्याही ओळखीचा आहे. आपल्याकडे नाटकात उभं आयुष्य घालवलेल्या माणसांनाही ‘हिंदीत का नाही गेलात?’ असं विचारतात, आणि त्यात न गेल्यानं काहीतरी राहून गेलं असं गृहीत धरलेलं असतं. म्हणून मी या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते. मारी तोरोचिकचं काहीही राहून गेलं नाही असं माझं ठाम मत आहे.

तिचा जन्म २३ नोव्हेंबर १९३५ चा, हंगेरीतल्या हेवेश जिल्ह्यातल्या पेय नावाच्या खेड्यातला. बुडापेस्टच्या नाट्य आणि चित्रपट अकादमीत शिकत असतानाच दिग्दर्शक झोल्तान फाब्रीनं तिला ‘क्योरहिंता’साठी निवडलं. क्योरहिंता म्हणजे जत्रेतला साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्यांचा गोल पाळणा. कथा अगदी साधी आहे. बापाला मुलीचं लग्न शेजारच्या जमीनवाल्याशी लावायचंय, कारण जमिनीचं लग्न जमिनीशीच व्हायला हवं, असं तो मानतो. मुलीचं मन मात्र सहकारी शेतीत गेलेल्या माते नावाच्या तरुणावर आहे. एका लग्नघरी सगळ्या गावादेखत ती मातेबरोबर नाचते. कॅमेरा त्यांच्याबरोबर गरगरत राहतो, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद, भीती आणि ‘आता जे व्हायचं ते होवो’ ही जिद्द एकाच वेळी दिसते. विशीतल्या, अजून शिकत असलेल्या मुलीनं हे काम केलंय, हे मला दर वेळी नव्यानं अचंबित करतं.

हा चित्रपट १९५६ च्या कान महोत्सवात स्पर्धेत होता. त्याच वर्षी, त्याच महोत्सवात सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ही होता. मातीतून उगवलेले दोन सिनेमे एकाच गावी दाखवले गेले होते, हे आपल्या प्रेक्षकांना सांगायला मला फार आवडतं. ‘क्योरहिंता’ला पारितोषिक मिळालं नाही, पण पुढे मोठा फ्रेंच दिग्दर्शक झालेल्या आणि तेव्हा समीक्षक असलेल्या फ्रांस्वा त्रुफोनं त्या मुलीचं मनापासून कौतुक केलं.

त्यानंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १९५६ मध्ये हंगेरीत उठाव झाला आणि सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. जवळजवळ २ लाख माणसं सीमा ओलांडून पश्चिमेकडे गेली. त्यांत कलावंतही होते. नुकतंच कानमध्ये नाव झालेल्या मुलीनं जायचं ठरवलं असतं, तर ती वेळ हीच होती. ती राहिली. तिच्याबरोबर नाचलेला इम्रे शोश हा गरीब शेतकरी घरातून आलेला, विलक्षण गुणी नट १९५७ मध्ये अवघ्या २७ व्या वर्षी गेला. ‘क्योरहिंता’तला तो नाच पाहताना हे माहीत असलं की घशाशी येतं.

१९५८ मध्ये ती बुडापेस्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहात रुजू झाली. इथे तिकडची पद्धत सांगायला हवी, कारण माझं निम्मं उत्तर तिच्यात आहे. तिथल्या नाट्यगृहाचा स्वतःचा कायमचा नटसंच असतो. नट महिन्याच्या पगारावर. सकाळी नव्या नाटकाची तालीम, संध्याकाळी चालू नाटकांपैकी एकाचा प्रयोग, आज ग्रीक शोकांतिका तर उद्या प्रहसन. चित्रीकरण या सगळ्याच्या मधल्या वेळात. तीच माणसं वर्षानुवर्षं एकमेकांसमोर उभी राहतात, त्यामुळे समोरच्यानं श्वास कुठे घेतला की आपलं वाक्य उचलायचं हे अंगात मुरतं. शिवाय श्रोत्यांची आणि नटांची भाषा एकच. मोठ्यानं न बोललेलं, गिळून टाकलेलं, अर्धवट सोडलेलं वाक्यही प्रेक्षकाला पोचतं. त्या काळच्या हंगेरीत तर न बोललेलं ऐकण्याचा सराव सगळ्या देशालाच झालेला होता.

हे सोडून गेलेल्यांचं काय झालं, याचं एक उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, फक्त ते या बाजूनं कुणी पाहत नाही. बेला लुगोशी याच बुडापेस्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहात नट होता. १९१९ नंतर देश सुटला. अमेरिकेत १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’नं तो जगप्रसिद्ध झाला, आणि त्याचा हंगेरियन हेल ही त्याची ओळख होऊन बसली. पुढे त्या हेलातून त्याची सुटका झाली नाही. मी लुगोशीला कमी लेखत नाही. भाषा बदलली की नटाचं नेमकं काय हातचं जातं, ते त्याच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसतं, एवढंच.

आता ‘सेरेलेम’कडे येते. सेरेलेम म्हणजे प्रेम. कारोय माक यांचा १९७१ चा कृष्णधवल चित्रपट, तिबोर देरी यांच्या दोन कथांवर बेतलेला. देरी स्वतः १९५६ नंतर तुरुंगात गेले होते. कथेतला काळ १९५३ चा. लुत्सा ही तरुण बायको, तिचा नवरा यानोश राजकीय कैदी. त्याची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. मुलगा तुरुंगात आहे हे तिला कळलं तर ती जगणार नाही, म्हणून लुत्सा सांगते की यानोश अमेरिकेत आहे, मोठा सिनेमा करतोय. एवढंच करून ती थांबत नाही. ती त्याच्या नावानं पत्रं लिहिते. पत्रांतला यानोश दिवसेंदिवस थोर होत जातो, त्याच्या सिनेमाचा खेळ डोंगरमाथ्यावरच्या किल्ल्यात होणार असतो, आणि म्हातारी भिंगातून अक्षर न अक्षर वाचते.

मारी तोरोचिक यात लुत्सा आहे. तिची नोकरी गेलेली आहे, घरात सरकारनं परके भाडेकरू घुसवलेत, नवरा जिवंत आहे की नाही याचाही नीट पत्ता नाही. आणि रोज फुलं घेऊन ती सासूच्या खोलीत हसत शिरते. सासूशी भांडते, तिला चिडवते, तिचे हट्ट मोडते. दारातून आत येताना चेहरा बदलतो तो क्षण पाहा. आपण मुखवटा चढवताना तिला पकडावं, असं ती काहीही करत नाही. ती खरोखरच खुशीत येते, कारण या खोलीपुरता तिचा नवरा खरोखरच अमेरिकेत आहे. थाप मारणाऱ्या बाईची भूमिका करताना बहुतेक नट्या प्रेक्षकाला डोळ्यांनी सांगतात, ‘बघा हं, मी थाप मारतेय.’ मारी असलं काही सांगत नाही. त्यामुळे आपल्याला कळत नाही की या पत्रांची गरज जास्त कुणाला आहे, सासूला की तिला. आणि म्हातारीला सगळं कळलेलं आहे की काय, ही शंकाही चित्रपटभर सुटत नाही.

त्या म्हातारीच्या भूमिकेत होत्या लिली दारवाश. माझ्या लेखी या प्रश्नाचं सगळ्यात पूर्ण उत्तर याच जोडीत आहे, म्हणून थोडं थांबते. लिलीबाईंचा जन्म १९०२ चा, बुडापेस्टचा. ऑस्ट्रियन दिग्दर्शक माक्स राइनहार्टच्या व्हिएन्ना आणि बर्लिनच्या रंगभूमीवर त्या नावारूपाला आल्या, नाटककार फेरेंत्स मोलनार यांच्या पत्नी झाल्या, आणि नाझींमुळे त्यांना अमेरिका गाठावी लागली. तिथे त्यांनी इंग्रजीत कामं केली, मानानं केली. पण आज जग त्यांना ज्या भूमिकेसाठी ओळखतं, ती करायला त्या सत्तरीच्या उंबरठ्यावर न्यूयॉर्कहून बुडापेस्टला आल्या आणि हंगेरियनमध्ये बोलल्या. म्हणजे एका खोलीत समोरासमोर बसल्यात एक गेलेली नटी आणि एक राहिलेली नटी. जी खरंच अमेरिकेला गेली होती, तिला राहिलेली खोट्या अमेरिकेच्या गोष्टी सांगतेय. मुलाची, म्हणजे यानोशची भूमिका करणारा इवान दारवाश (लिलीबाईंचा नातेवाईक नव्हे) १९५६ नंतर स्वतः तुरुंगात जाऊन आलेला होता. सासू गेल्यावर तो सुटून घरी येतो, तेव्हा त्याच्या चालण्यात जे आहे ते बाहेरच्या कुणाला शिकवून आलं नसतं. १९७१ च्या कानमध्ये चित्रपटाला ज्युरी पारितोषिक मिळालं आणि दोघी अभिनेत्रींचा खास उल्लेख झाला.

हा सिनेमा मंजूर व्हायला माक यांना वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली. हेही न विसरता सांगते, कारण राहणं सोपं होतं, असं मला सुचवायचं नाही. तिथे सेन्सॉर होता, नकार होते, गप्प बसण्याच्या जागा होत्या. तरीही १९६८ मध्ये राष्ट्रीय नाट्यगृहात ती लास्लो ज्युर्को यांच्या नाटकात ग्रीक पुराणकथेतली एलेक्त्रा झाली. बापाचा खून विसरायला नकार देणारी, सगळे सुखानं नांदायचं नाटक करत असताना सत्य उगाळत बसणारी ही मुलगी बुडापेस्टमध्ये उभी होती, १९५६ ला जेमतेम १२ वर्षं झालेली असताना. प्रेक्षकांना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नसणार. मिक्लोश यानचो यांनी १९७४ मध्ये त्याचा चित्रपट केला. मोकळ्या माळरानावर घोडे, नर्तक, गर्दी, आणि सबंध चित्रपट अवघ्या १२ शॉट्सचा. इतक्या लांब शॉटमध्ये संकलक सांभाळून घेत नाही. चुकलं की पहिल्यापासून. रोज संध्याकाळी न थांबता नाटक करणाऱ्या नटीलाच हे झेपतं.

१९७६ ला कानचं पारितोषिक आलं, दोमिनिक सांदासोबत विभागून. अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्स ज्युरीचे अध्यक्ष होते. चित्रपट होता ‘देरीने, होल वान?’, म्हणजे ‘देरीबाई, आहात कुठे?’. दिग्दर्शक ज्युला मार, तिचा नवरा. कथानायिका खरीखुरी: रोझा देरीने, हंगेरियन रंगभूमीची पहिली मोठी गायिका-अभिनेत्री. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरांतल्या रंगमंचांवर जर्मनचं राज्य असताना हंगेरियन नाटक घेऊन गावोगाव फिरणाऱ्या मंडळींतली ती. चित्रपटातली देरीने वयानं ओसरत चाललीय, वर्षानुवर्षं दूर राहिलेल्या नवऱ्याच्या घरी राहून पाहतेय, आणि नट म्हणून न जगता नुसतं जगता येतं का, ते तपासतेय. चाळिशीतल्या तोरोचिकनं आपल्याच भाषेच्या आद्य नटीला उभं केलं आणि जगानं तिला पारितोषिक दिलं ते याच कामासाठी. यापेक्षा जास्त घरचा विषय असू शकत नाही.

पुढचं भराभर सांगते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिनं राष्ट्रीय नाट्यगृह सोडलं, काही काळ ग्योर शहरात काम केलं. १९९४ मध्ये बुडापेस्टच्या म्युवेस नाट्यगृहात रशियन दिग्दर्शक अनातोली वासिलियेव यांच्याबरोबर दोस्तोयेव्हस्कीच्या ‘मामाचं स्वप्न’वरचं नाटक केलं. २००२ मध्ये राष्ट्रीय नाट्यगृहाची नवी वास्तू उघडली, तेव्हा ती तिथे परतली. हंगेरीचं मानाचं सरकारी कोशुत पारितोषिक दोनदा, १९७३ आणि १९९९ ला. २००० मध्ये ‘राष्ट्राची अभिनेत्री’ हा किताब, जो एका वेळी फक्त १२ हयात कलावंतांकडे असतो.

आणि हॉलिवूड? १९८९ मध्ये कोस्टा-गावरास यांच्या ‘म्युझिक बॉक्स’मध्ये ती आहे. जेसिका लँगची वकील नायिका बापावरचे युद्धगुन्ह्यांचे आरोप खोडून काढायला बुडापेस्टला येते आणि एका बाईच्या घरी जाते. ती बाई तिला मेलेल्या भावाची गहाणवटीची पावती देते. त्या पावतीवर पुढचा सगळा चित्रपट फिरतो. भूमिका छोटीच. पण त्या खोलीत पाहुणी कोण आणि घरची कोण, हे ती फारसं काही न करता दाखवते.

२००८ मध्ये तिचं हृदय थांबलं, ती कोमात गेली, आणि त्यातून उठून पुन्हा कामाला लागली. मार्ता मेसारोश यांच्या २०१७ च्या ‘ऑरोरा बोरेआलिस’मध्ये तिची भूमिका आहे कोमात गेलेल्या म्हाताऱ्या आईची, जिच्या पोटात पन्नासच्या दशकातलं गुपित दडलंय. ८० पार केल्यावरही ती आपल्या देशानं दाबून ठेवलेलंच बोलून दाखवत होती. १६ एप्रिल २०२१ ला, हंगेरीच्या पश्चिम टोकाच्या सोंबातहेय शहरात ती गेली.

म्हणजे तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की तिचा अभिनय ज्या गोष्टींचा बनला होता, त्या सगळ्या तिथेच होत्या: ती भाषा, तो नटसंच, न बोललेलं ऐकणारा तो प्रेक्षक, तुरुंगातून सुटून आलेला तो सहनट. लुत्सा दुसऱ्या कुठल्या देशात लिहिलीच गेली नसती.

यानंतर दुसरा प्रश्न येतोच, सुरुवात कुठून करू. ‘सेरेलेम’पासून करा. दीड तासाचा चित्रपट आहे, कुणाशी न बोलता सलग बघा. मग मागे ‘क्योरहिंता’कडे जा. दोन्हींत १५ वर्षांचं अंतर आहे. ‘सेरेलेम’ दुसऱ्यांदा बघाल, तेव्हा म्हातारीच्या उशाशी बसून पत्र ऐकणाऱ्या लुत्साच्या ओठांकडे लक्ष ठेवा. स्वतःच लिहिलेलं पत्र ती पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकते.