चारच्या ऐवजी तीन गुणाकार

जानेवारीत चौथं सेम सुरू झालं आणि सेकंड इयर कॉम्प्युटरला अ‍ॅनालिसिस ऑफ अल्गोरिदम्सचं माझं पहिलं लेक्चर होतं. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने रोज येते तशी आले, घणसोलीला उतरून रिक्षा. वर्गात शिरले तर पहिला प्रश्न नेहमीचाच, मॅम, यातले कुठले चॅप्टर इम्पॉर्टंट? मी सिलॅबस उघडलाच नाही, सरळ फळ्यावर 47 गुणिले 36 लिहिलं आणि विचारलं, यात एक अंकी गुणाकार किती वेळा करावे लागतात?

चार, सगळे ओरडले. बरोबर, 4 त्रिक 12, 4 सख 24, 7 त्रिक 21, 7 सख 42. मग म्हटलं, तीनात होईल का?

कोणीच बोलेना. चौथीपासून जे करत आलो त्यात काय कमी करणार, असे चेहरे. मी उत्तर सांगणारच होते, दरवर्षी शेवटी मीच सांगते, तेवढ्यात शेवटून दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला, पूर्ण तिसऱ्या सेममध्ये मी त्याचा आवाज ऐकला नव्हता, तो म्हणाला, “मॅम, 24 आणि 21 वेगळे कशाला पाहिजेत? शेवटी आपण त्यांची बेरीजच घेतो ना, 45.”

माझ्या अंगावर काटा आला, खरंच. खडू त्याच्या हातात दिला. फळ्याजवळ आल्यावर मात्र तो अडला, 45 आणायचे कुठून ते सुचेना. मी एवढंच म्हटलं, आधी बेरीज करून मग गुण. त्याने 4 अधिक 7 अकरा, 3 अधिक 6 नऊ, अकरा नवे 99 लिहिलं, थोडा थांबला आणि त्यातून 12 आणि 42 वजा केले. 45! 1200, 450, 42 मिळून 1692. मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या, मी थांबवल्या नाहीत.

मग त्यांना कारात्सुबाची गोष्ट सांगितली. 1960 मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या सेमिनारमध्ये कोल्मोगोरोव्हसारखा मोठा गणिती म्हणाला होता की अंक दुप्पट झाले की गुणाकाराचं काम चौपट होणार, याहून चांगली पद्धत बहुतेक नाहीच, आणि 23 वर्षांच्या कारात्सुबाने आठवड्याभरात ते खोटं ठरवलं, याच युक्तीने. एक गुणाकार वाचला तर काय मोठं, असं पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, तेही बरोबरच होतं, म्हणून 1024 अंकी संख्या घेतल्या. निम्मे-निम्मे तुकडे करत गेलं की दहा पायऱ्या, शाळेच्या पद्धतीने 4 चा दहावा घात म्हणजे 10,48,576 गुणाकार आणि या पद्धतीने 3 चा दहावा घात, 59,049, बेरजेत हातचे आले तर थोडे जास्त. ती मुलगी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघत होती.

बिग-ओ, म्हणजे अंक वाढले की काम किती वाढतं ते लिहायची खूण, त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलीच नाही.

तास संपल्यावर तो मुलगा टेबलापाशी आला, “मॅम, दोनऐवजी तीन तुकडे केले तर?” मी म्हटलं, नऊऐवजी पाच गुणाकारात होतं, कसं ते सांगणार नाही. तो जर्नलच्या मागच्या पानावर तिथेच उभ्या उभ्या लिहायला लागला.