फॉग लॅम्पचं भोक: डावी बाजू एकदाची झाली

मंडळी, गाडीच्या बंपरमध्ये फॉग लॅम्प बसवायला दोन भोकं पाडतोय, त्यातलं डावीकडचं झालं! लॅम्पचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, आत्ताच बसवून बघितलं, चारी बाजूंनी पोस्टकार्ड सरकेल एवढीच फट. तीन रविवार या एका भोकावर गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

मागे सांगितलं होतं तसं रोटरी टूल (हातात धरून फिरवायचं छोटं मशीन) घेऊन स्कूटरच्या भंगारातल्या पॅनलवर हात बसवला होता, तिथे 15,000 आरपीएमला (मिनिटाला एवढे फेरे) कटऑफ डिस्कने, म्हणजे कापायच्या पातळ चकतीने, मस्त कापलं गेलं. तोच स्पीड बंपरवर लावला आणि वाट लागली. डिस्क पुढे जायची आणि मागची चीर परत चिकटायची, कडेला चिक्कीच्या पाकासारख्या तारा, डिस्कवर थर चढला की ती कापेचना, नुसती घासायची. दोन डिस्क तुटल्या.

शेवटी बंपर उतरवून सतरंजीवर उलटा टाकला, आतली धूळ पुसली तर पीपी+ईपीडीएम असं छापलेलं! पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन प्लास्टिक. स्कूटरचं पॅनल एबीएसचं होतं, ते वेगळं, कडक प्लास्टिक. एबीएस 105 अंशांच्या आसपास मऊ पडतं, पीपी वितळायला 160 च्या वर जावं लागतं, म्हणून मला वाटायचं पीपी जास्त दम धरेल. पण ते चिवट, त्यात ईपीडीएम म्हणजे रबर, त्यामुळे भुसा सुटत नाही, चिरेतच अडकून तापत राहतो. आणि 38 मिमीची डिस्क 15,000 ला फिरते तेव्हा तिची कड सेकंदाला जवळजवळ 30 मीटर पळते, मग काय होणार.

सातपूरला वर्कशॉप असलेल्या काकांना तुकडा दाखवला. ते म्हणाले, "अरे घासतोस कशाला, दात असलेलं काहीतरी लाव."

लावलं. दातांचं छोटं स्टीलचं ब्लेड, स्पीड 5,000, तीन-चार सेकंद कापायचं, उचलायचं, गार होऊ द्यायचं. भुसा रव्यासारखा सुटा पडायला लागला, काय आनंद झाला सांगू! पण ब्लेड अडकलं की टूल उसळतं, गॉगल घाला आणि दोन्ही हातांनी धरा. वळणावर हे चालत नाही, तिथे 3 मिमीची भोकं ओळीने पाडली, मधलं हॅक्सॉच्या ब्लेडने तोडलं, मग अर्धगोल कानस. पॉलिश पेपर मारू नका, पीपीला केस उभे राहतात. कटरचं नवं पातं उभं धरून खरवडलं की कड एकदम साफ निघते.

आणि ऑनलाइन मिळणाऱ्या शंभर नगांच्या किटचा नाद सोडा, दुकानात जाऊन मॅन्ड्रेलला (ब्लेड टूलमध्ये धरणारा दांडा) लावून बघून एकच चांगलं ब्लेड घ्या.

उजवीकडे हेच करणार होतो, पण लिहिता लिहिता सुचलं, लॅम्प गोलच आहे तर ड्रिलवर होलसॉ (गोल भोक पाडणारी डबीसारखी करवत) का नको? बंपरच्या गोलाईवर तिच्या मधलं पायलट बिट (आधी टेकणारं बारीक ड्रिल) सरकेल, त्याला मागून लाकडाचा ठोकळा स्क्रूने आवळायचा. मापाला डावीकडून निघालेला तुकडा आहेच, पुठ्ठ्यावर उतरवून उलटा केला की झालं. ठोकळा उद्या पंचवटीतल्या वखारीतून आणतो, आणि होलसॉ आधी त्या तुकड्यावरच चालवून बघतो.