सफारीतले फोटो: गाडी, अंतर आणि सेटिंगचं गणित

सफारीला जायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती मिलिमीटरची लेन्स घेऊ? याचं उत्तर चक्क गणिताने देता येतं. फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० मिमी लेन्स असेल तर ४० मीटरवर फ्रेममध्ये ३.६ मीटर रुंदी मावते. आडवा उभा सिंह आजूबाजूच्या गवतासकट त्यात छान बसतो. तोच २० मीटरवर आला की रुंदी १.८ मीटर होते आणि शेपूट कापली जाते. ६०० मिमीमध्ये त्याच अंतरावर जेमतेम १.२ मीटर, म्हणजे डोकं आणि खांदे. गाडीतून दोन पावलं मागे जाता येत नाही, त्यामुळे पहिल्या सफारीला १००-४०० किंवा १५०-६०० झूमच न्यावी. एफ/४ची (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त) मोठी फिक्स, म्हणजे झूम न होणारी, लेन्स मोह घालते, पण हत्ती १५ मीटरवर आला की ती घेऊन बसणाऱ्याला फक्त सुरकुत्या टिपता येतात. दुसरी कॅमेरा बॉडी असेल तर तिच्यावर २४-१०५ किंवा ७०-२०० लावून ठेवावी. टेलिकन्व्हर्टरचा (लेन्सची पोच वाढवणाऱ्या जोडभिंगाचा) हिशोब आधीच करून ठेवा: १.४एक्स एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, खातो, २एक्स दोन. एफ/५.६ची लेन्स २एक्सवर एफ/११ होते. पहाटेच्या उजेडात ते काही कामाचं नाही.

‘आणखी जवळ घ्या’ असा लकडा चालकाच्या मागे लावण्याआधी हे बघा. समजा, कॅमेरा प्राण्याच्या डोळ्यापेक्षा दीड मीटर उंच आहे आणि डोळा जमिनीपासून ८० सेंटीमीटरवर आहे. ८ मीटरवरून १०० मिमीने फोटो काढला तर कॅमेरा सुमारे ११ अंश खाली झुकतो आणि डोळ्यामागे दिसते ती जेमतेम सव्वाचार मीटरवरची जमीन. ३२ मीटरवरून ४०० मिमीने काढला तर प्राणी फ्रेममध्ये तेवढाच दिसतो, पण कोन ३ अंशांच्या आत येतो आणि मागची जमीन १७ मीटर लांब जाते. पार्श्वभूमी विरघळते, आणि प्राण्याच्या डोळ्याला डोळा भिडवल्यासारखा फोटो येतो. म्हणून गाडीत वरच्या, मागच्या सीटसाठी भांडू नका. तिथून दिसतं भरपूर, पण फोटो मधल्या किंवा पुढच्या खालच्या सीटवरून चांगले येतात.

आता हादरे. उघड्या गाडीत ट्रायपॉड नुसती अडचण करतो, मोनोपॉड थोडाफार चालतो. खरा आधार बीनबॅगचा, म्हणजे लेन्सखाली ठेवायच्या दाण्यांच्या पिशवीचा. पिशवी रिकामी न्यायची आणि मुक्कामी पोहोचल्यावर तांदूळ किंवा वाल भरायचे, साधारण दोन किलो. आत प्लास्टिकची पिशवी घालायची, नाहीतर पिठूळ कणी लेन्सच्या रिंगांत जाते. पाऊण भाग भरला की पुरे. ठासून भरलेल्या पिशवीवरून लेन्स घरंगळते. थोडी सैल असेल तर लेन्स तिच्यात रुतून बसते. थर्माकोलचे दाणे हलके खरे, पण जड लेन्सखाली ते स्प्रिंगसारखे उसळतात.

इंजिन चालू असताना दाराच्या किंवा दांडीच्या पत्र्यावर लेन्स थेट टेकवू नये. ती बारीक थरथर ४०० मिमीवर स्पष्ट दिसते आणि कंप सावरणारा स्टॅबिलायझर तिला पुरा पडत नाही. चालकाला इंजिन बंद करायला सांगा. बंद करता येत नसेल तर कोपर पत्र्यावरून उचला, कॅमेरा अंगाशी धरा आणि शटरचा वेग १/१६०० सेकंदाच्या पुढे न्या. इंजिन बंद झाल्यावरही गाडी हलते ती माणसांमुळे. मागच्या सीटवर कोणी उठलं की सगळी फ्रेम डुलते. निघायच्या आधीच सगळ्यांनी ठरवून घ्यावं: गाडी थांबली की जागेवरच बसायचं, आणि उठायचंच असेल तर आधी सांगायचं.

शटरचे आकडे पाठच असावेत. बसलेल्या प्राण्याला बीनबॅगवरून १/२५० चालतं, चालणाऱ्याला १/५०० ते १/८००, धावणाऱ्याला १/१६०० ते १/२०००, लहान पक्षी उडत असतील तर १/३२००. स्टॅबिलायझर हाताचा कंप झाकतो, प्राण्याची हालचाल नाही. ही गल्लत फार होते, म्हणून पहाटे १/१२५ वर काढलेल्या फोटोंत झाडं कोरल्यासारखी स्पष्ट येतात आणि बिबट्या पुसट. मॅन्युअल मोडमध्ये शटर आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं, तो एफचा आकडा) आपण ठरवायचं, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटोवर सोडायचा. पहाटे तो ६४०० वर किंवा १२८०० वर गेला तरी जाऊ द्या. रॉ फाइलमधला (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमधला) नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, नंतर कमी करता येतो. हललेला डोळा कुठलंही सॉफ्टवेअर मनासारखा दुरुस्त करून देत नाही.

एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड प्लस-मायनस करण्यात, बरेच जण गोंधळतात, कारण ‘पांढऱ्याला प्लस, काळ्याला मायनस’ हा नियम प्राणी फ्रेम भरून असेल तेव्हाच लागू पडतो. गडद पाण्यावर छोटासा बगळा असेल तर कॅमेरा पाण्याकडे बघून एक्स्पोजर वाढवतो आणि बगळ्याची पिसं जळतात. तिथे -१ हवं. फिक्या आकाशापुढे फांदीवर घार बसली असेल तर +१ ते +२, नाहीतर नुसती काळी आकृती हाती लागते. आकाश जळलं तर जळू द्या.

फोकस कायम कंटिन्युअस (प्राण्यासोबत सरकत राहणारा) ठेवा. प्राण्यांचे डोळे ओळखणारी यंत्रणा मोकळ्यावर अप्रतिम चालते, पण उंच गवत किंवा फांद्या मध्ये आल्या की ती पुढच्या काडीला चिकटते. अशा वेळी सिंगल पॉइंटवर, म्हणजे एकाच ठिपक्याच्या फोकसवर, जाता यायला हवं, तेही मेन्यूत न शिरता. त्यासाठी एक बटण राखून ठेवा. आणि फोकसच्या खोलीचा, म्हणजे पुढे-मागे किती भाग स्पष्ट येतो त्याचा, अंदाज असू द्या. ४०० मिमी, एफ/५.६, १० मीटर: फुल-फ्रेमवर स्पष्ट पट्टा सुमारे २० सेंटीमीटरचा. समोरून येणाऱ्या प्राण्याचं नाक आणि डोळे त्यात मावतात, शेजारचं पिल्लू मावत नाही. दोन्ही चेहरे हवे असतील तर एफ/८ वर जाऊनही पट्टा ३० सेंटीमीटरच्याच आसपास राहतो. त्यापेक्षा दोघे कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर येईपर्यंत थांबावं.

बर्स्टचा (बटण दाबून धरून सलग फोटो काढण्याचा) मोह आवरा. सेकंदाला २० फ्रेम, प्रत्येकी २५ एमबी, म्हणजे सेकंदाला ५०० एमबी. व्ही६० वेगाच्या मेमरी कार्डाची हमी आहे सेकंदाला ६० एमबी लिहिण्याची. बाकीचा माल बफरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या मेमरीत, साठतो आणि बफर भरला की कॅमेरा अडखळतो, बहुतेक वेळा चित्ता झेप घेतो त्याच क्षणी. तो नुसता चालत असताना बटण दाबून धरलेलं असतं, हे त्याचं कारण. चार-पाच फ्रेमचे तुकडे घ्या.

ऊन चढलं की गरम जमिनीवरची हवा उकळल्यासारखी हलू लागते. लांबचे फोटो मऊ येतात, फोकस कुठेच बसत नाही, आणि दोष लेन्सच्या माथी मारला जातो. यावर महागडी लेन्सही उपाय नाही. अंतर कमी करा, नाहीतर कॅमेरा खाली ठेवून दुर्बीण घ्या. असाच प्रकार थंड खोलीतून दमट हवेत आल्यावर होतो: काचेवर बाष्प धरतं. बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्यावी.

धुळीसाठी सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे जुना उशीचा अभ्रा. गाडी धावत असताना कॅमेरा त्यात घालून मांडीवर ठेवायचा. गळ्यात लटकवला तर प्रत्येक खड्ड्यात दांडीवर आपटतो. गाडीत लेन्स बदलायची नाही. काच साफ करताना आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. धूळ उडवायच्या आधी कापड फिरवलं की तीच वाळू कोटिंग खरवडते.

प्राणी चालत असेल तर त्याच्या मागे गाडी लावून उपयोग नाही, पाठमोरे फोटोच मिळतात. तो कुठे निघालाय ते चालकाला विचारा. लांबून वळसा घेऊन पुढे जायचं, वाट मोकळी सोडून, ऊन पाठीशी घेऊन थांबायचं आणि इंजिन बंद करायचं. तो आपला मार्ग बदलतोय असं दिसलं तर आपण चुकीच्या जागी आहोत. मांजरवर्गीय प्राण्याने कान मागे पाडले, शेपटी झटकायला लागला, हत्ती कान पसरून रोखून बघायला लागला, की फोटो थांबवून मागे सरकायचं. रात्री फ्लॅश नाही, आणि पक्ष्यांना बोलावण्यासाठी रेकॉर्ड केलेले आवाज तर मुळीच नाहीत. गेंड्यासारख्या शिकारीच्या धोक्यातल्या प्राण्याचा फोटो नेटवर टाकताना त्यातली जीपीएसची नोंद काढून टाकायची, आणि जागेचं नावही लिहायचं नाही.

प्रत्येक प्रसंग संपला, गाडी पुन्हा निघाली, की सेटिंग मूळपदावर आणायची: १/१०००, पूर्ण उघडं अ‍ॅपर्चर, कॉम्पेन्सेशन शून्य. बगळ्यासाठी लावलेलं -१ विसरलं तर पुढचा रानरेडा काळाकुट्ट येतो. मुक्कामी आल्यावर दोन वेगळ्या ड्राइव्हवर प्रती, त्या उघडून बघायच्या, बॅटऱ्या चार्जिंगला, आणि कार्ड फॉरमॅट करायचं ते कॅमेऱ्यातच, लॅपटॉपवर नाही.