ब्रेकडाउन स्लिपांचा हिशेब

इन्क्रिमेंटची पत्रं वाटून तीन दिवस झाले होते. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतला आमचा कारखाना, एप्रिलमधली दुपार, पाळी बदलायची वेळ. मेंटेनन्सचे काका माझ्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांची नोकरी 22 वर्षांची. आम्ही दोघंही दांडिया बाजारातले, गणपतीत एकमेकांच्या घरी जाणं-येणं असलेले. एरवी मला ‘ताई’ म्हणणारे काका त्या दिवशी म्हणाले, “मॅडम, ‘सुधारणेची गरज’ म्हणजे मी नेमकं काय सुधारू, तेवढं सांगा. मी करतो.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अप्रेझलची सगळी प्रक्रिया मीच चालवत होते, तरी नव्हतं.

त्यांना बसवलं आणि त्यांचा फॉर्म स्क्रीनवर उघडला. फिटरच्या केआरएमध्ये, म्हणजे वर्षभराचं काम ज्या निकषांवर मोजायचं त्या यादीत, सर्वांत जास्त भार एका आकड्याला होता: वर्षभरात बंद केलेल्या ब्रेकडाउन स्लिपा. मशीन थांबलं की ऑपरेटर स्लिप काढतो, फिटर दुरुस्ती करून ती बंद करतो. काकांच्या नावावर 6 स्लिपा होत्या. शेजारची लाइन सांभाळणाऱ्या तरुण फिटरच्या नावावर 60, आणि त्याला ‘उत्कृष्ट’ मिळालं होतं.

काकांनी खिशातून एक वही काढली. ग्रीस कधी भरलं, पट्टा कधी बदलला, कुठल्या स्पिंडलचा आवाज बदलला, कुठलं बेअरिंग हाताला गरम लागलं, सगळं तारीखवार होतं. चहाच्या सुट्टीत मशीन थांबलेलं असताना ते ही कामं उरकत. मशीन बंद पडायच्या आधीच काम होऊन जाई, त्यामुळे स्लिप निघायचं कारणच उरत नसे. आणि स्लिप नाही म्हणजे आमच्या लेखी काम नाही!

मी तिथेच कागदावर हिशेब मांडला. वर्षाचे कामाचे 300 दिवस, दोन पाळ्यांचे रोज 16 तास, म्हणजे 4,800 तास. दोन्ही लाइनींवर सारखीच मशीनं, सारखंच काम. भागाकार केला तर काकांची लाइन सरासरी 800 तासांनी एकदा थांबत होती, शेजारची 80 तासांनी. दोन बिघाडांमधला सरासरी काळ मोजायची ही पद्धत मेंटेनन्समध्ये सर्वांना माहीत आहे, एमटीबीएफ म्हणतात तिला. केआरए लिहिताना आमच्यापैकी कुणालाच ती आठवली नाही, कारण स्लिपांचा आकडा सॉफ्टवेअरमधून आयता मिळत होता.

त्या तरुण फिटरचा यात दोष नाही. बोलावलं की धावत जायचा, रात्री-अपरात्रीसुद्धा. त्याला आम्ही जे मोजतो म्हणून सांगितलं, तेच त्यानं केलं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. दहा जणांच्या विभागात एकाला तळाच्या दहा टक्क्यांत टाकायचंच, असा आमचा नियम होता. तसं नाव भरल्याशिवाय सिस्टीम यादी पुढे जाऊ देत नसे. विभागप्रमुखांनी स्लिपा पाहून काकांचं नाव भरलं आणि मी मंजुरीचं बटण दाबलं. वर्षभरात दोघांपैकी कुणीही काकांशी कामाबद्दल दहा मिनिटंसुद्धा बोललेलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी वही आणि तो कागद घेऊन मी संचालकांसमोर बसले. सक्तीची क्रमवारी मायक्रोसॉफ्टनं 2013 मध्येच बंद केली, हे सांगितलं. ते म्हणाले, ती अमेरिकेतली थेरं, आपल्याकडे चालायची नाहीत. मग मी जवळचं उदाहरण दिलं. अहमदाबादच्या आयआयएममधल्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी 1970च्या दशकात लार्सन अँड टुब्रोसाठी मनुष्यबळ विकासाची जी पद्धत आखली, तिच्यात मूल्यमापनाबरोबर माणसाशी बसून बोलणं, त्याला मार्गदर्शन करणं याला स्वतंत्र जागा होती. इथून शंभरेक किलोमीटरवर झालेलं काम. आम्ही त्यातला फक्त फॉर्म उचलला.

सगळं काही मान्य झालं नाही. तळाचे दहा टक्के काढायला संचालक तयार झाले. काकांचं रेटिंग बदलून नवं पत्र निघालं, पण वाढीव रक्कम जुलैपासून मिळाली, मागची थकबाकी नाही. मला ते आजही पटलेलं नाही. मेंटेनन्सचा मुख्य आकडा आता एमटीबीएफ आहे. पण नुसता तोच ठेवला असता तर लोकांनी स्लिपा काढणंच टाळलं असतं, म्हणून थांबलेल्या वेळेची नोंद प्रॉडक्शनच्या लॉगमधून वेगळी घेतो. शिवाय दर तीन महिन्यांनी विभागप्रमुखानं प्रत्येकाशी अर्धा तास बोलायचं. त्या बैठकीत पगाराचा विषय काढायचा नाही आणि ती मशीनजवळच करायची, हे दोन्ही आम्ही मुद्दाम ठरवलं. केबिनमध्ये बोलावलं की माणूस आधीच गप्प होतो.

पहिल्या फेरीत मीही काकांच्या लाइनवर गेले होते. फॉर्मवर एक नवा प्रश्न होता: कामासाठी तुम्हाला काय हवंय? काकांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

“ग्राइंडिंगच्या तीन नंबरचं बेअरिंग दिवाळीच्या सुट्टीत बदलून टाकू, आत्तापासून मागवून ठेवा,” ते म्हणाले. “आणि ताई, लांबून तापमान मोजायची ती गन असते ना, एक मिळेल का? आता बोटांना नीट कळत नाही.”

मी त्याच दुपारी परचेसला मागणी पाठवली.