तुम्ही विचारलंत म्हणून: थिन लिझीचा एकच अल्बम सांगायचा तर

गप्पांत माझ्या तोंडी थिन लिझी या आयरिश रॉक बँडचं नाव इतक्या वेळा येतं, की समोरचा शेवटी विचारतोच, ‘बरं बाबा, त्यांचा एक अल्बम सांगा. एकच.’ इथे माझी पंचाईत होते. पिंक फ्लॉइडच्या किंवा लेड झेपेलिनच्या चाहत्याला हेच विचारा, तो क्षणात नाव सांगून मोकळा होईल. डब्लिनच्या या मंडळींनी मात्र पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत चोख उतरलेला अल्बम काढलाच नाही. त्यांचा गाजलेला ‘जेलब्रेक’ धरून सांगतो. प्रत्येकात दोन-तीन गाणी अशी, की आयुष्यभर सोबत करतील, आणि एखाददुसरं निव्वळ भरतीचं.

तरी एकच हवा असेल तर १९७८चा ‘लाइव्ह अँड डेंजरस’ घ्या.

तो खरा लाइव्ह नाहीच, असं कुणीतरी तुम्हाला ऐकवेलच. लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधले १९७६चे कार्यक्रम आणि टोरांटोतले १९७७चे, हा त्यातला मुख्य माल. नंतर स्टुडिओत बसून बरंच काही पुन्हा वाजवून घेतलं, असं प्रोड्युसर टोनी व्हिस्कॉन्टी सांगत आले. गिटारवाला ब्रायन रॉबर्टसन म्हणतो, छे, बहुतेक सगळं स्टेजवरचंच आहे. हा वाद माझ्या लेखी निकालात निघालाय. डागडुजी केली असेल तर झकास केली आहे. ही गाणी मूळ स्टुडिओ अल्बमांमध्ये जरा दबलेली, अंग चोरून वाजवल्यासारखी वाटतात. इथे ती उठून उभी राहतात.

‘स्टिल इन लव्ह विथ यू’ घ्या. १९७४च्या ‘नाइटलाइफ’मध्ये ते आहे, त्यात गिटारवाला गॅरी मूरचा देखणा सोलोही आहे, पण एकूण अल्बमच इतका मऊ, की गाणं गादीत रुतल्यासारखं होतं. ‘लाइव्ह’मध्ये त्याची लय आणखी उतरवली आहे. गायक आणि बेसवाला फिल लायनॉट ओळ संपवतो आणि थांबतो, घाई म्हणून नाही. मग रॉबर्टसन सोलो घेतो. वेग दाखवायची त्याला गरजच वाटत नाही. एकेक सूर धरतो, ताणतो, सोडतो. त्या वेळी हा पोरगा पंचविशीच्या आतला होता, हे लक्षात ठेवून ऐका.

आता दोन गिटारींविषयी, कारण बँडची खरी ओळख तीच. मूळचा गिटारवाला एरिक बेल. १९७३च्या ३१ डिसेंबरला बेलफास्टमध्ये कार्यक्रम चालू असतानाच तो गिटार फेकून स्टेजवरून निघून गेला. गॅरी मूर मदतीला आला, काही महिन्यांत तोही गेला. मग लायनॉटनं दोघांना घेतलं, ग्लासगोचा रॉबर्टसन आणि कॅलिफोर्नियाचा स्कॉट गोरहॅम. एक गेला तर दुसरा तरी उरेल, हा त्यामागचा हिशोब होता असं सांगतात. हिशोब व्यवहाराचा, पण त्यातून जे निघालं त्याचा वसा पुढे आयर्न मेडनसारख्या हेवी मेटल बँडपर्यंत गेला. दोन्ही गिटारी एकच चाल वाजवतात, फक्त अंतर ठेवून: एक ‘सा’वर असेल तर दुसरी ‘ग’वर. त्यामुळे रिफ, म्हणजे गिटारचा घोटून घोटून येणारा तुकडा, वाजतोय असं न वाटता दोन गळे गातायत असं वाटतं. ‘एमराल्ड’च्या शेवटी हेच दोघे समोरासमोर उभे ठाकतात, एकाची फेक संपायच्या आत दुसऱ्याची सुरू. तमाशातल्या सवाल-जवाबांवर वाढलेल्या कानाला हे समजावून सांगावं लागत नाही.

बाकी सगळं लायनॉट. आई डब्लिनची, वडील ब्रिटिश गयानाचे, जन्म इंग्लंडमध्ये १९४९ साली, आणि वाढला डब्लिनच्या क्रमलिन भागात आजीकडे. पन्नाशीच्या दशकातल्या त्या शहरात सावळ्या रंगाचं पोर म्हणजे सगळ्यांच्या नजरा वळणारच. हा माणूस बेस वाजवता वाजवता गोष्ट सांगतो. ‘द बॉइज आर बॅक इन टाउन’ नीट ऐका: ओळीत मावणार नाहीत एवढे शब्द तो कोंबतो, बोलल्यासारखे तालाच्या जरा मागे सोडतो, आणि बरोबर समेवर येतो. खाली ब्रायन डाउनीचे ड्रम्स असे झुलते, की हार्ड रॉक असूनही पाय आपटावेसे वाटत नाहीत, हलवावेसे वाटतात. (डाउनीचं नाव मोठ्या ड्रमरांच्या याद्यांत फारसं नसतं. याद्या करणाऱ्यांचं ऐकू नये.) लायनॉटच्या काळ्या बेसवर आरशासारखी चकचकीत पट्टी होती, स्पॉटलाइट तिच्यावर पडला की तो उजेडाचा कवडसा प्रेक्षकांत फिरवायचा. या अल्बममध्ये तो कवडसा दिसत नाही, पण ‘काउबॉय साँग’चा शेवटचा सूर विरायच्या आत ‘बॉइज’ सुरू होतं, तिथे तो आपल्यावर पडल्यासारखा वाटतो.

‘लाइव्ह’ पचला की ‘जेलब्रेक’ (१९७६) घ्या, त्याला पर्याय नाही. माझा जीव मात्र त्याच वर्षीच्या ‘जॉनी द फॉक्स’वर. अमेरिकेचा दौरा रंगात येत असताना लायनॉटला कावीळ झाली, दौरा रद्द झाला, आणि बरीच गाणी त्यानं आजारपणात लिहिली. ‘डोन्ट बिलीव्ह अ वर्ड’ जेमतेम अडीच मिनिटांचं आहे. प्रियकर स्वतःच सांगतो, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. तेवढ्यात सगळं उरकतं, एक सूर जास्तीचा नाही. आणि ‘फूल्स गोल्ड’ आयर्लंडच्या एकोणिसाव्या शतकातल्या भीषण दुष्काळात पोटासाठी अमेरिकेची जहाजं गाठणाऱ्यांविषयी आहे. हार्ड रॉकवाल्यांना इतिहास म्हणजे बहुधा तलवारी आणि राक्षस. लायनॉटला तो घरचा होता.

म्हणूनच ‘ब्लॅक रोझ’ (१९७९) शेवटी ठेवा, घाईत ऐकू नका. गॅरी मूर परत आलाय, आणि अखेरचं सात मिनिटांचं गाणं म्हणजे आयर्लंडचं सगळं देवघर: कुहुलिनसारखा पुराणपुरुष, जॉइस, येट्ससारखे लेखक-कवी, आणि त्यांच्याच पंगतीला फुटबॉलवाला जॉर्ज बेस्ट. मध्येच गिटारी लोकनृत्याच्या धून इतक्या वेगात घेतात, की फिडल आठवावं. त्याच अल्बममध्ये तान्ह्या मुलीसाठीचं ‘सारा’ आहे, आणि नशा सोडायची भाषा करणारं ‘गॉट टू गिव्ह इट अप’ही. ते मी क्वचितच लावतो. लायनॉट ४ जानेवारी १९८६ला गेला, वय ३६.

‘व्हिस्की इन द जार’ कुठे, असं विचाराल. ते १९७२चं सिंगल, जुनं आयरिश लोकगीत. कंपनीनं पुढे केलं, बँड फारसा खूश नव्हता, आणि गंमत म्हणजे नाव त्यानंच झालं. एरिक बेलची सुरुवातीची गिटार आजही ताजी वाटते. त्या काळातला ‘व्हॅगाबॉन्ड्स ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ (१९७३) सवडीनं ऐका. ‘चायनाटाउन’ आणि ‘रेनेगेड’ सगळं झाल्यावर. ‘थंडर अँड लायटनिंग’ची भलावण करणारे भेटतील, जॉन साइक्सची गिटार जबरदस्त आहे, पण मला ती दुसऱ्याच कुठल्या बँडची वाटते.

पुढे गोरहॅमनं याच नावानं कार्यक्रम केले, पण नवी गाणी रेकॉर्ड करायची वेळ आली तेव्हा, २०१२च्या अखेरीस, त्यांनी वेगळं नाव घेतलं, ब्लॅक स्टार रायडर्स. त्यामुळे थिन लिझीचे स्टुडिओ अल्बम बाराच राहिले. रोज एक म्हटलं तरी दोन आठवड्यांत उरकतील, भरतीच्या गाण्यांसकट.