मोठ्या आतड्यातले जीवाणू आणि कर्करोग

सांगलीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असल्यामुळे एक प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांतून येत राहतो. मिरजेला उपचारासाठी आलेल्या कुणा रुग्णाचे नातेवाईक वर्तमानपत्रातले कात्रण दाखवतात आणि विचारतात, "मॅडम, आतड्याचा कर्करोग जंतूंमुळे होतो असं यात लिहिलंय. मग अँटिबायोटिक देऊन ते जंतू आधीच मारून का टाकत नाहीत?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जीवाणू असतात, म्हणजे जवळजवळ आपल्या स्वतःच्या पेशींइतकेच, आणि त्यांतले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी आणि हे जीवाणू यांच्यामध्ये बुळबुळीत स्रावाचा एक थर असतो. निरोगी माणसात त्याचा आतला भाग जवळपास जीवाणूमुक्त असतो. अस्तराच्या पेशी दर चार-पाच दिवसांनी झडून नव्या येतात. इतक्या वेगाने विभागणाऱ्या पेशींच्या डीएनएत चुका साठत गेल्या की आधी पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवणारी मशासारखी छोटी वाढ, आणि साधारण दहा वर्षांच्या काळात त्यांतल्या काहींचा कर्करोग, असा हा प्रवास असतो. तेव्हा जीवाणूंविषयी विचारायचे ते हे, की या दीर्घ प्रवासात ते नेमके कुठे हात घालतात.

सर्वांत भक्कम पुरावा मला ई. कोलाय या अत्यंत परिचित जीवाणूबाबत वाटतो. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात तो असतो आणि त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. परंतु काही प्रकारांकडे कोलिबॅक्टिन नावाचे रसायन तयार करणारा जनुकसमूह असतो, हे 2006 साली फ्रान्समधल्या संशोधकांच्या कामातून पुढे आले. हे रसायन डीएनएच्या दोन्ही धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकते. 2020 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी आतड्याच्या सूक्ष्म प्रतिकृतींचा या जीवाणूशी पाच महिने वारंवार संपर्क घडवून आणला, आणि डीएनएत उमटलेल्या बदलांचा विशिष्ट नमुना टिपला. तोच नमुना पुढे रुग्णांच्या काही गाठींमध्येही सापडला. म्हणजे जीवाणू केवळ गाठीच्या शेजारी सापडला एवढ्यावर हा पुरावा थांबत नाही. त्याने मागे ठेवलेली खूण गाठीच्या डीएनएत वाचता येते. 2025 साली 11 देशांतल्या 981 रुग्णांच्या गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीच्या आत निदान झालेल्यांमध्ये ही खूण सत्तरीपुढच्या रुग्णांच्या तुलनेत 3.3 पट अधिक आढळली, आणि ही इजा बहुधा बालपणीच झालेली असावी असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. तरुणांमध्ये हा आजार का वाढतो आहे, याचे हे संपूर्ण उत्तर नव्हे. पण या वयाच्या रुग्णांची चिंता करणाऱ्या कुणालाही ही बाब दुर्लक्षिता येणार नाही.

फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम याची गोष्ट वेगळी आहे. हा मुळात तोंडातला, हिरड्यांच्या विकारांत वाढणारा जीवाणू. 2011 च्या सुमारास दोन स्वतंत्र गटांना तो मोठ्या आतड्याच्या गाठींमध्ये विपुल प्रमाणात आढळला. त्याच्या पृष्ठभागावरची प्रथिने गाठीच्या पेशींना चिकटतात, त्यांच्या वाढीचे संदेश तीव्र करतात आणि रोगप्रतिकारक पेशींना आवर घालतात. 2017 मध्ये तर यकृतात पसरलेल्या गाठींतही तो जिवंत सापडला, आणि हा जीवाणू असलेल्या मानवी गाठी रुजवलेल्या उंदरांना मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक दिल्यावर त्या गाठींची वाढ मंदावली. तरीही तो गाठ निर्माण करतो, की आधीच तयार झालेली गाठ त्याला सोयीची वाटते म्हणून तिथे येऊन तिला बळ देतो, हा वाद मिटलेला नाही. दुसऱ्या शक्यतेकडे माझा कल अधिक आहे.

आता अँटिबायोटिकविषयी. ही औषधे एक जीवाणू निवडून मारत नाहीत, त्याच्याबरोबर उपयोगी जीवाणूंचाही नाश होतो. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात विशी ते साठीदरम्यान दीर्घकाळ अँटिबायोटिक घेतलेल्यांमध्ये पुढे पॉलिपचे प्रमाण अधिक दिसले. असा संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही, परंतु सर्दीपडशासाठी दुकानातून परस्पर गोळ्या घेण्याची आपल्याकडची सवय याही कारणाने सोडायला हवी.

उपयोगी जीवाणूंचे काम खरोखर मोलाचे आहे. आपल्याला न पचणारे तंतुमय पदार्थ आंबवून ते ब्युटिरेट नावाचे मेदाम्ल तयार करतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींची ऊर्जा प्रामुख्याने त्यातूनच येते. उलट आहारात चरबी वाढली की पित्त अधिक स्रवते आणि काही जीवाणू त्याचे अस्तराला अपायकारक अशा आम्लांत रूपांतर करतात. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 20 आफ्रिकन-अमेरिकन आणि 20 ग्रामीण दक्षिण आफ्रिकी व्यक्तींचा आहार दोन आठवडे अदलाबदल केला. तेवढ्या अवधीत अमेरिकन गटात ब्युटिरेट वाढले व अस्तराचा दाह घटला, आणि दुसऱ्या गटात नेमके उलटे घडले. जत, आटपाडी, खानापूर या भागांत पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाणारी ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, हुलगे, पालेभाज्या हे या जीवाणूंचे उत्तम अन्न आहे. शिजून गार झालेल्या धान्यात लहान आतड्यात न पचणारे पिष्ट वाढते, त्यामुळे सकाळी दह्याबरोबर खाल्लेल्या रात्रीच्या भाकरीलाही मी या यादीत आदराने स्थान देईन. आतडी स्वच्छ करण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या महागड्या पुड्यांनी कर्करोग टळतो, याला मात्र कोणताही भरवशाचा आधार नाही.

जीवाणूंवरून या कर्करोगाचे निदान करण्याची पद्धत अजून रोजच्या वापरात आलेली नाही, म्हणून आज भरवसा ठेवायचा तो मलातील अदृश्य रक्ताच्या चाचणीवर आणि कोलोनोस्कोपीवर, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे आतून तपासण्यावर. कोलोनोस्कोपीत दिसलेला पॉलिप बहुधा तिथल्या तिथे काढून टाकता येतो. आपल्याकडे शौचातून रक्त गेले की मूळव्याध समजून महिनोन्‌महिने घरगुती उपाय केले जातात. शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, कारण न कळता घटलेले वजन किंवा रक्तक्षय यांपैकी काही सोबत असेल तर डॉक्टरांकडे जाण्यात एक आठवडाही दवडू नये. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षी किंवा त्या नातेवाइकाचे निदान झाले त्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हापासून कोलोनोस्कोपी करून घ्यावी, असा वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांमधला सर्वसाधारण सल्ला आहे.