बारा जीबी रॅम देऊनही गोगलगायच

मी इंटिरिअरची कामं करतो. ठाण्यात नौपाड्याला घरातलीच एक खोली म्हणजे माझं ऑफिस. कॉम्प्युटर कित्येक वर्षं उबुंटूवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सच्या एका प्रकारावर आहे. विंडोज लागलंच तर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे उबुंटूच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये उघडायचं, काम उरकायचं, बंद करायचं. पत्रं, हिशेब यांना ते पुरायचं.

गाडी अडली ती खारघरच्या एका किचनवर. त्या घरच्यांना ड्रॉइंग नको होतं. 'थ्रीडीत फिरवून दाखवा' म्हणाले. माझा हात ज्या सॉफ्टवेअरवर बसलाय ते लिनक्सवर चालत नाही, म्हणून ते आतल्या विंडोजमध्ये टाकलं. ओटा, तीन ट्रॉल्या, वरची कपाटं, एवढंच मॉडेल. माऊस ओढावा, चहाचा घोट घ्यावा, मग चित्र हलणार.

मला वाटलं, आतल्या विंडोजला दिलेली रॅम कमी पडतेय. ४ जीबी होती ती ८ केली, मग १२. माझ्या मशीनमध्ये एकूण १६. आतलं विंडोज होतं तिथेच राहिलं, आणि बाहेरचं उबुंटू मात्र धापा टाकायला लागलं. प्रोसेसरचे कोअर वाढवून पाहिले, तेही पालथ्या घड्यावर पाणी.

भाचा ऐरोलीत नोकरीला आहे. त्याला फोन लावला. तो हसलाच. "मामा, रॅमचं काय घेऊन बसलास? आत डिव्हाइस मॅनेजर उघड आणि डिस्प्लेमध्ये काय लिहिलंय ते वाच."

लिहिलं होतं, 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर'. माझ्या ग्राफिक्स कार्डाचं नावही नाही.

इथे डोक्यात उजेड पडला. कार्ड डब्यात बसलंय, पण त्याचा मालक उबुंटू. आतल्या विंडोजला दिसतं ते एक खोटं, कामचलाऊ कार्ड, आणि चित्र काढायचं सगळं ओझं प्रोसेसरच्या डोक्यावर. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर जवळजवळ २१ लाख ठिपके. सेकंदाला ६० वेळा काढायचे तर साडेबारा कोटींच्या आसपास. त्यात सावल्या, काच, ग्रॅनाइटची चकाकी. बिचारा प्रोसेसर काय करणार!

आधी सोपा उपाय केला. त्या खोट्या कार्डासाठीचा क्यूएक्सएल नावाचा ड्रायव्हर आत टाकला. खिडक्या सरकवणं सुधारलं, पडदा पूर्ण मापात आला. किचन मात्र ढिम्म, कारण त्या ड्रायव्हरमध्ये थ्रीडीची सोयच नाही. नुसतं ऑफिसचं काम असेल तर इथेच थांबावं, पुढच्या खटाटोपाची गरज नाही.

मला थांबून चालणार नव्हतं. पुढचा मार्ग पासथ्रूचा: खरं कार्ड उबुंटूकडून काढून थेट विंडोजच्या हवाली करायचं. उबुंटूने प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर भागवायचं. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, व्हीटी-डी ही पासथ्रूला लागणारी सोय बंद होती, ती चालू केली. उबुंटू सुरू करणाऱ्या ग्रबमध्ये आयओएमएमयूची ओळ घातली; उपकरणं गटागटाने वेगळी ठेवणारी ही यंत्रणा. मग कार्ड कोणत्या गटात आहे ते पाहिलं. गटात कार्ड आणि त्याचाच एचडीएमआय आवाजाचा भाग, एवढे दोघेच होते. नशीब! एका गटातली सगळी उपकरणं एकत्रच द्यावी लागतात. त्यात डिस्कचा कंट्रोलर असता तर अवघड झालं असतं. दोन्ही भाग व्हीएफआयओच्या, म्हणजे कार्ड व्हर्च्युअल मशीनसाठी राखून ठेवणाऱ्या ड्रायव्हरला बांधले आणि रीस्टार्ट केलं.

पडदा काळा.

रात्रीचा एक वाजलेला. पंधरा मिनिटं मी बॅकअप कधी घेतला होता ते आठवत बसलो. मग टेबलाखाली वाकलो. मॉनिटरची केबल अजून त्याच कार्डात! जे कार्ड मी उबुंटूकडून हिसकावून घेतलं, त्याच्यावर उबुंटू चित्र कुठून दाखवणार? केबल मदरबोर्डाच्या पोर्टात लावली, डेस्कटॉप हजर. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.

सकाळी स्टेशनजवळून दुसरी केबल आणली. एक मदरबोर्डातून, एक कार्डातून, दोन्ही एकाच मॉनिटरला. विंडोजमध्ये कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचा ड्रायव्हर निमूट बसला. पूर्वी व्हर्च्युअल मशीनचा वास लागला की त्यांच्या जीफोर्स कार्डावर 'कोड ४३' ही चूक येऊन कार्ड बंद पडायचं. २०२१ मधल्या ४६५ मालिकेच्या ड्रायव्हरपासून कंपनीनेच ही वाट मोकळी केली. एकच कीबोर्ड-माऊस उबुंटू आणि विंडोज दोघांना वापरता यावा म्हणून भाच्याने एव्हडेव्हची सोय लावून दिली. दोन्ही कंट्रोल एकदम दाबले की ते इकडून तिकडे जातात. चित्र बदलायला मॉनिटरचं बटण मात्र हातानेच दाबावं लागतं.

एक गोष्ट हातची गेली: चालू मशीन आहे तसं गोठवून ठेवायची सवय. खरं कार्ड जोडलेलं असताना ते होत नाही, विंडोज रीतसर बंदच करावं लागतं.

रविवारी खारघरची मंडळी ठाण्याला आली. माऊस वहिनींच्याच हातात दिला. त्यांनी किचन गरगर फिरवलं, ओट्याखाली वाकून पाहिलं, ट्रॉल्या मोजल्या.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या, "पण सिंक खिडकीखाली घ्या."